सगळ्या आपल्याच पेशी

कापूस फुटला की घाटंजीच्या रस्त्याकडच्या बाभळींना त्याची खबर आधी लागते. भरलेल्या गाड्या जातात, कडेने बाहेर डोकावणारा कापूस काटे ओरबाडून घेतात, आणि आठवडाभरात साऱ्या बाभळींवर पांढरे पुंजके लटकू लागतात. कॉलेजला जाताना परवा ते दिसले. त्याच दिवशी बारावीच्या वर्गात रक्ताभिसरणाचा धडा सुरू करायचा होता. दरवर्षी तो याच सुमाराला येतो. फळ्यावर हृदयाचं चित्र काढलं, धमन्या लाल खडूने, शिरा निळ्या खडूने, आणि त्यांच्या टोकांना जोडणाऱ्या केशवाहिन्यांचं बारीक जाळं काढता काढता माझा हात रेंगाळला. पोरींना वाटलं, बाईंना पुढचं आठवेना. मला उलट फारच आठवत होतं. एक आख्खी वेचणी आठवत होती.

वहिनीच्या आजाराची ती वेचणी.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको, सुमन. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात वहिनी लग्न होऊन घरात आली. माहेर मुकुटबनचं. वीस वर्षांची पोरगी ती, तिच्या पदरात नवऱ्याबरोबर केसांत उवा झालेली एक नणंदही पडली. पहिल्याच आठवड्यात तिने मला अंगणात पुढ्यात घेतलं आणि फणी लावली. मी भोकाड पसरलं तर म्हणाली, "रड, रड. फनी काई थांबत नाही." माझं शाळेतलं नाव वैशाली. तिने मला बेबी केलं, आणि आज पन्नाशी आली तरी गावात मी बेबीच आहे. पुढे तिला मूल झालं नाही. त्यावर ती कधी बोलली नाही, आम्हीही कधी विचारलं नाही. माझी केतकी जन्मली तेव्हा मात्र बाळंतपणाला तीच आली होती, आणि सव्वा महिना केतकी माझ्यापेक्षा तिच्याच मांडीवर जास्त होती.

त्या वर्षी पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"बेबी, लघवीतून लाल येऊन राह्यलं वो."

"दुखतं का?"

"दुखत काईच नाही. मले वाटलं बीट खाल्लं असंन."

"बीट कोणी आणलं होतं?"

"कोनीच नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

दुखत नाही हे ऐकून लोकांना बरं वाटतं. मला त्याचीच धास्ती वाटली. यवतमाळला सोनोग्राफी झाली, तिथून नागपूर. उजव्या मूत्रपिंडात संत्र्याएवढी गाठ, आणि दोन्ही फुफ्फुसांत तांदळाच्या कण्यांसारखे ठिपके. गाठीचा तुकडा तपासायला काढला. नागपूरच्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण घाई न करता बोलायच्या. त्यांनी टेबलावर कागद ओढला, एक गोल काढला, भोवती रेघा काढल्या आणि म्हणाल्या, "काकू, ऑपरेशनची घाई नको. आधी औषध. एक इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, आणि एक गोळी रोज."

"हे केमो का?" दादाने विचारलं. त्या सबंध दिवसात तो बोललेलं ते एकच वाक्य.

"नाही. केमो गाठीच्या पेशींना मारतं. ही औषधं गाठीच्या आजूबाजूच्यांशी बोलतात."

आजूबाजूचे म्हणजे कोण, हे मला ठाऊक होतं, निदान पुस्तकापुरतं. रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर होणाऱ्या पेशी, आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. पण शेजारच्या खुर्चीत वहिनी हातातला रुमाल घडी करत, उलगडत बसली असताना पुस्तकातलं काही मदतीला आलं नाही.

दादाने रस्त्याकडचा वावराचा तुकडा विकायला काढला आणि त्यावर बोलणं बंद केलं. उपचार सुरू झाले. पहाटे घाटंजीहून निघायचं, पांढरकवड्याला हायवेला लागायचं, जामच्या फाट्यावर चहा घ्यायचा. वहिनी खिडकीशी बसायची आणि रस्त्याकडची सगळ्यांची पिकं वाचत जायची. "याची पऱ्हाटी चांगली हाय... यानं डवरा मारलाच नाही वाटते... पाह्य, सोयाबीन पिवळं पडून राह्यलं." दवाखान्यात सलाईनची बाटली लागली की डोळे मिटून घ्यायची. परतताना थकलेली असायची, तरी अंधार पडेस्तोवर पिकंच बघायची.

इंजेक्शनचं तिला फारसं काही वाटलं नाही. गोळीने मात्र हिसका दाखवला. आधी रक्तदाब वाढला. मग आवाज बसायला लागला, सर्दी नाही, खोकला नाही, नुसताच बसला. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई मांडतात, आणि गावातल्या पोरींना सगळी गाणी वहिनीनेच शिकवलेली. त्या वर्षी पोरी दारात आल्या, वहिनीने तोंड उघडलं, आणि आत हवा फिरावी तसा नुसता खरखराट निघाला. पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. तिने हाताने ताल धरला आणि पोरींनी आपल्या आपण गाणं म्हटलं. प्रसादाची खिरापत वाटून झाल्यावर ती मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली.

मग हात. तळहात लाल झाले, हुळहुळे झाले, अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या पेरांवर फोड आले, कातडी सुटू लागली. तळपायांचीही तीच गत.

दसऱ्यानंतर वावरात सीतादही झालं. पहिल्या वेचणीच्या आधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि तोच पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर, शिंपडायचा, मग कमरेला कापडाची ओटी बांधून वेचायला लागायचं. हे काम घरच्या बाईचं. मी सुट्टी काढून गेले होते. वहिनीने सगळं नेमाने केलं. दहीभात शिंपडला. मग ओटी बांधली, पहिल्या झाडाशी वाकली आणि उमललेल्या बोंडाला हात घातला. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. एरवी तिची बोटं अशी चालायची की कापूस आपण होऊन बाहेर येतोय असं वाटावं. त्या दिवशी तिने कापसाची एक कवडी ओढली आणि हात मागे घेतला. पांढऱ्यावर लाल ठिपका आला होता. तिने तो कापूस ओटीत न टाकता मुठीत धरला, धुऱ्यावर जाऊन बसली आणि वेचणाऱ्या बायांना खूण केली, तुम्ही चाला. बायाही त्या दिवशी एकमेकींशी हळूच बोलत वेचत होत्या.

मी शेजारी जाऊन बसले. ती कुजबुजल्यासारखी म्हणाली, "मी गोळ्या बंद करतो, बेबी."

"वहिनी..."

"आयकून घे. हात गेले, गया गेला, आवाज नाही. मी कायले जगून राह्यली मंग? नुसती बसाले?"

तुझ्यासाठी नाही, आमच्यासाठी जग, असं म्हणायचं मनात आलं. पण ज्या बाईने जन्मभर तेच केलं, तिच्याकडे पुन्हा तेच काय मागायचं!

दिवाळीला केतकी पुण्याहून आली. ती तिथे एका प्रयोगशाळेत संशोधन करते. गाठी स्वतःसाठी रक्तवाहिन्या कशा उगवून घेतात, आणि त्या वाहिन्यांच्या पेशी लढणाऱ्या पेशींना आत येऊ देतात की दारातच अडवतात, हा तिचा विषय. उंदरांवर काम. मामीला कॅन्सर झाला तेव्हा ती फोनवर मला म्हणाली होती, "आई, मी रोज हेच बघते गं, पण मामीचं नाव घेतलं की मला काहीच येत नाही." नरकचतुर्दशीला सकाळी ती गावाला गेली आणि मामीला तेल लावून न्हाऊ घातलं. एरवी मामी तिला घालायची. हात दुखतील म्हणून सुती कापडाने हळूहळू टिपले. मामीने तिलाही सांगितलं, गोळी बंद.

केतकीने वाद घातला नाही. म्हणाली, "मामी, तुले पाह्यचा हाय का तो?"

"कोन?"

"कॅन्सर."

गाठीच्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला मागून घेतल्या होत्या. मत आलं, स्लाइड परत आल्या, त्या माझ्या कपाटात होत्या. कॉलेजला सुट्ट्या होत्या. पाडव्याच्या दुपारी मी प्रयोगशाळा उघडली. जमिनीवर ऊन पडलं होतं, बरण्यांमधले बेडूक नि सरडे आपापल्या जागी होते. दादा दाराशी स्टुलावर बसला. वहिनी नवं लुगडं नेसून आली होती. चष्मा काढून तिने सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला.

"काई नाही दिसत. माह्याच पापन्या दिसून राह्यल्या."

"थोडी मागं हो, मामी. हां. आता?"

वहिनीने पुन्हा डोळा लावला. मग म्हणाली, "अवो बाई!"

मी आधी पाहिलेलं होतं. फिकट, आत काहीच नसल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी, एकीला एक लागून. त्यांच्यामधून सगळीकडे पातळ गुलाबी रेघांचं जाळं. आणि मधूनमधून गडद निळे टिपके.

"ह्या पांढऱ्या पांढऱ्या दिसतेत त्या कोन?"

"तोच. कॅन्सर."

"एवढा साजरा?" वहिनी म्हणाली. केतकीला हसू आलं आणि तिने तोंड फिरवलं. "आन ह्या रेघा?"

"तुह्या रक्ताच्या नळ्या. गाठ लहान असते तोवर तिचं कसंबसं भागते. मोठं व्हायचं तं रक्त लागते. मंग ती आवाज देते. शेजारच्या नळ्यांच्या पेशी वर्षानुवर्षं चूप झोपल्या असतेत, त्या जाग्या होतेत आन तिच्याकडं फांद्या काढतेत."

"म्हंजे त्या फितूर झाल्या?"

"नाही मामी. कुठं कापलं, खरचटलं, की तिथं नव्या नळ्या काढायच्या हेच त्यायचं काम. त्यायले वाटते, जखम हाय."

"आन निळे टिपके?"

"तुह्या लढणाऱ्या पेशी. ह्यातल्या काही मारायलेच आल्या हायेत, पन गाठीनं त्यायचा ब्रेक दाबून धरला. ते इंजेक्शन ब्रेक सोडवते. आन दुसऱ्या हायेत, जखम साफ करनाऱ्या, भरून काढनाऱ्या. त्या येतेत आन इथंच राह्यतेत, तिचीच सेवा करतेत. अजून नळ्या बोलावतेत."

वहिनीने डोळा काढला नाही. खूप वेळ ती वाकून बघत राहिली. दादा दाराशी स्टुलावर पुढे सरकून बसला होता.

"सगळ्या माह्याच ना ह्या?" तिने विचारलं. "पांढऱ्या, लाल, निळ्या?"

"हो. सगळ्या तुह्याच."

"मंग शिव्या कोनाले देऊ?" ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवला. आवाज नव्हताच, शब्द नुसते ओठांवर होते. "लेकरू रडलं का बाई उठते. कोनाचं हाय ते मंग पाह्यते. ह्यायचंही तसंच झालं."

माझ्या डोळ्यांसमोर अंगण होतं आणि फणी होती, आणि मी कोणाची होते ते न बघता उठलेली एक वीस वर्षांची पोरगी.

तिने चष्मा लावला. "आन गोळी काय करते?"

"गाठीचा आवाज नळ्यायले आयकू येऊ देत नाही. काही नळ्या सुकतेत. ज्या उरतेत त्या जरा सुधरतेत. गाठीच्या नळ्या घाईघाईनं काढलेल्या असतेत ना, वाकड्या, गळक्या. त्यातून मारनाऱ्या पेशी आत पोचतच नाहीत. नळ्या सुधरल्या का त्यायले वाट भेटते. म्हनून दोन्ही औषधं संगं देतेत."

"आन माहे हात?"

"हाताले रोज घासते, दाबते, तिथल्या बारीक नळ्या रोज तुटतेत आन रोज नव्या होतेत. ज्यायचे हात कामाचे, त्यायले जास्त लागतेत. गोळी तिथंही नव्या होऊ देत नाही."

"आन गया?"

"तिथंही तसंच असंन, मामी. पक्कं मलेही नाही सांगता येत."

वहिनी विचार करून म्हणाली, "त्या गोळीले दोन आवाजांतला फरक कयत नाही वाटते. गाठीचा बंद कराले गेली आन माह्याही केला." आणि ती हसली. खरखरत, खोकत, पोट धरून हसली. दादा दारात उठून उभा राहिला, ही हसतेय की काय होतंय ते त्याला कळेना.

गोळ्यांचं तिने तिथे काहीच म्हटलं नाही. संध्याकाळी पाडव्याला दादाला ओवाळताना मात्र म्हणाली, "डॉक्टरीनबाईले विचारा, गोळी थोडी कमी चालते काय. बंद नाही म्हनत मी. कमी."

कमी चालत होती. डॉक्टरबाईंनी आधी काही दिवस पूर्ण बंद ठेवली, मग लहान मात्रा दिली, हातांना लावायला मलम दिलं. "हे आधीच सांगायचं ना, काकू," त्या म्हणाल्या. वहिनी म्हणाली, "मले वाटलं, सोसाचंच असते." कातडी हळूहळू धरली. इंजेक्शनने पुढे कंठग्रंथी, म्हणजे थायरॉइड, मंदावली आणि आणखी एक गोळी मागे लागली, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. ब्रेक सोडवलेल्या पेशी कधी कधी घरच्यांवरही हात टाकतात, हे मी वाचलं होतं. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "होते तसं. सोडलेलं जनावर आधी घरचंच कुंपन तोडते."

त्या थंडीत मी दर शनिवारी गावाला जायची. वावरात दुसरी वेचणी चालू असायची, तुरीच्या शेंगा भरायच्या, हवेत वाळल्या पानांचा वास असायचा. वहिनी हातमोजे घालून धुऱ्याधुऱ्याने फिरायची, वेचता येत नव्हतं तर बायांना पाणी द्यायची, कोणाची ओटी सैल झाली तर आवळून द्यायची. मी तिच्याकडे बघायची आणि तिच्या आत आत्ता काय चाललं असेल याचा विचार करायची. कुठल्या नळीत कोण अडलंय, कोणाला वाट मिळालीय. इतकी वर्षं मी पेशी शिकवल्या, पण त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या हिवाळ्यात मी मागत होते. देवळात हात जोडावे तसं नाही, ओळखीच्या माणसाला म्हणावं तसं. बाई गं, जा ना आत. तेवढं कर.

संक्रांतीनंतर स्कॅन झाला. आम्ही तिघं डॉक्टरबाईंसमोर बसलो. त्यांनी आधीचं आणि आत्ताचं चित्र शेजारी शेजारी लावलं. त्यांनी खुर्ची थोडी बाजूला घेतली, आम्हाला दिसावं म्हणून. फुफ्फुसांतल्या कण्या बहुतेक नव्हत्या. मूत्रपिंडातली गाठ लिंबाएवढी उरली होती.

"म्हंजे?" वहिनी म्हणाली.

"म्हणजे तुमच्या पेशींनी ऐकलं, काकू. सगळ्यांचं असं होत नाही. तुमचं झालंय."

दादा उठला, बाहेर गेला. आम्ही खाली आलो तेव्हा तो गाडीच्या मागे बाटलीतल्या पाण्याने तोंड धूत होता, धूतच होता. वहिनी जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. पार्किंगमधून माणसं जात-येत होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली असतील, पण चारचौघांत तिने त्याला हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला.

पुढे उन्हाळ्यात ते मूत्रपिंड काढलं. इंजेक्शनं बराच काळ चालली, मग थांबली. आता नुसती तपासणी असते. उजव्या फुफ्फुसात एक ठिपका अजून आहे. वाढत नाही, जातही नाही. तो मेलेला व्रण आहे की झोपलेलं काही, हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. केतकीला मी विचारलं, आजूबाजूच्या पेशी त्याला आता काय करत असतील? ती म्हणाली, "आई, कदाचित त्याच त्याला झोपवून ठेवत असतील. ज्या वाढवतात, त्याच कधी कधी राखतातही." या उत्तराने मला धीर आला की भीती वाटली, ते अजून ठरवता आलेलं नाही. वर्गात मी मुलींना हल्ली चांगल्या पेशी, वाईट पेशी असं सांगत नाही. हाक कोणाची आली आणि धावलं कोण, एवढंच सांगते. परीक्षेत त्याला गुण नाहीत.

गेल्या रविवारी गावाला गेले. दुपार होती. दादा ओसरीवर बसला होता. मी काही बोलायच्या आत त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि आत खूण केली. पुढच्या खोलीत कापूस छातीइतका चढला होता, आणि त्या गंजीवर भिंतीच्या कडेला वहिनी झोपली होती. केसांत कापसाचे तंतू. एक हात उशाशी, तळवा वर. मानेजवळची शीर बारीक हलत होती. मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. कौलाच्या फटीतून आलेल्या उन्हात कापसाची धूळ तरंगत होती, आणि त्या धुळीत तिचा श्वास येत होता, जात होता.

"कोन?" तिने डोळे न उघडताच विचारलं. "बेबी का?"

"हो."

"कवा आली?"

"आत्ताच."

"मंग उभी काहून?"

ती भिंतीकडे थोडी सरकली. ती झोपली होती तिथे कापसात खळगा पडला होता. मी चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि गंजीवर चढून त्या खळग्यात आडवी झाले. तो अजून गरम होता.